लेकराच्या वाट्याचं काम

२८ वर्षं मी गृहविज्ञान शिकवलं आणि त्या २८ वर्षांत माझ्या वर्गात एकही मुलगा बसला नाही. स्वयंपाक, शिवण, घरखर्चाचं अंदाजपत्रक, बालसंगोपन हे मुलींनी शिकायचं आणि मुलांनी त्या तासाला मैदानावर जायचं, हे इतकं ठरलेलं होतं की मलाही ते कधी खटकलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात मी हाच विषय घेऊन पदवी केली होती. तिथंही आम्ही सगळ्या मुलीच.

निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर मी तीन वर्षं सदस्य होते. अठरा वर्षांखालच्या लेकरावर गुन्ह्याचा ठपका आला की त्याचं प्रकरण या मंडळासमोर येतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी असतात आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक तरी बाई असावी लागते. तिथं माझ्यासमोर जी लेकरं आली ती जवळजवळ सगळी मुलंच होती. ज्यांना मी कधी शिकवलं नाही तीच. हा विचार पहिल्याच महिन्यात मनात आला आणि अजून गेलेला नाही.

त्या लेकरांची नावं, गावं सांगायची नसतात, कायद्यानंही नाही आणि माणुसकीनंही नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल मात्र तेवढं राखून लिहिते. दोन मोबाइल चोरल्याचा ठपका होता. सोबत आई आली होती. पदराला गाठ मारत, सोडत बसली होती. मी विचारलं, घरी हा काय काम करतो? ती म्हणाली, "काहीच नाही मॅडम. इकडची काडी तिकडं करू दिली नाही आम्ही त्याला. एकुलता एक आहे." हे तिनं अभिमानानं सांगितलं. लेकरावर किती माया केली याचा तो तिचा पुरावा होता.

मग मी मुलाकडं वळले. पाणी कोण भरतं? "माय." दळण कोण आणतं? "बहीण." मग तू काय करायलास दिवसभर? बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, "मी असलो काय न् नसलो काय, घराला काय फरक पडायलाय."

बाहेर मात्र फरक पडत होता. चौकातल्या पोरांना तो हवा होता. कुणाच्या गाडीत पेट्रोल भरून आणायचं, कुणाचा निरोप पोचवायचा, कुणी दुकानदाराला बोलण्यात गुंतवलं की हात चालवायचा. तिथं त्याच्यावाचून अडत होतं.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. घरात लेकराच्या वाट्याला असं काम असावं की ते त्यानं केलं नाही तर घराचं अडेल. भाकरी येणारा पोरगा कधी वाईट वाटेला लागत नाही, असं मी म्हणत नाही. गरिबी, दारू, शाळा सुटणं, दुष्काळ, वाईट संगत, सगळं खरं आहे. पण अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शेल्डन आणि एलेनोर ग्लूक या नवरा-बायकोनं गुन्ह्यात सापडलेली ५०० मुलं आणि न सापडलेली ५०० मुलं शेजारी ठेवून अभ्यास केला होता. तो १९५० साली छापून आला. दोन्ही गटांतली मुलं सारख्याच गरीब वस्त्यांतली होती. फरक दिसला तो घरात: बापाची शिस्त कशी, आईचं लक्ष किती, माया आहे का, घर एकमेकांना धरून आहे का. वस्ती बदलणं आपल्या हातात नाही. घरातलं बरंचसं आहे. ते कसं करायचं ते माझ्या अनुभवाप्रमाणं लिहिते.

काम निवडताना

"मदत कर" म्हणून काही होत नाही. मदत म्हणजे काम आईचंच राहतं आणि लेकरू अधूनमधून हात लावतं. काम पूर्ण त्याचं करून द्यायचं. रोजचं किंवा ठरल्या वारचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. सात-आठ वर्षांच्या लेकराला कोंबड्या कोंडणं, ताटं-वाट्या मांडणं, दिवेलागणीला अंगणातले कपडे घरात घेणं जमतं. दहा-अकराला दळण, म्हशीचं पाणी, नळाच्या दिवशी पाणी भरणं. आमच्याकडं कित्येक गावांत नळ आठ दिवसांनी येतो, त्या दिवशी टाकी, रांजण, ड्रम भरून घेणं हे घरातलं सगळ्यात मोठं काम असतं. तेच मुलाच्या नावावर करावं. नळ कधी येणार हे त्यानंच विचारून ठेवायचं, पाइप त्यानंच लावायचा. तेराव्या-चौदाव्या वर्षी आठवड्यातून एक स्वयंपाक आणि किराणा.

निवडताना एकच कसोटी लावा: त्यानं नाही केलं तर काय होईल? "काही नाही, मी करून घेईन" असं उत्तर आलं तर ते काम कामाचं नाही.

आणि खरी अवघड गोष्ट इथूनच सुरू होते. तो विसरेल. दळण येणार नाही. त्या रात्री आईनं शेजारणीकडून पीठ उसनं आणून गुपचूप भाकरी केल्या तर सगळं गेलं. त्या रात्री घरानं भात खावा. ओरडायचं नाही, टोमणे नाहीत. "दळण नव्हतं, म्हणून भात" एवढंच ताटावर बसल्यावर सगळ्यांसमोर साध्या आवाजात सांगायचं. माझ्या पाहण्यात तिसऱ्यांदा असं क्वचितच होतं.

या कामाचे पैसे देऊ नका. पैसे दिले की तो गडी होतो, घरचा राहत नाही. शिक्षा म्हणूनही काम देऊ नका. "मोबाइल बघतोस ना, चल भांडी घास" असं म्हटलं की भांडी घासणं ही हलकी, अपमानाची गोष्ट आहे असं आपणच शिकवतो, आणि ते काम रोज करणाऱ्या त्याच्या बहिणीला काय शिकवतो तेही बघा.

भाकरी

मी भाकरीवर अडून बसते याला कारण आहे. भाकरी घाईनं होत नाही आणि रागात तर होतच नाही. हात आवळला की ती फाटते.

मुलाला शिकवायची तर संध्याकाळी, घाई नसताना, एकच भाकरी. पीठ ताजं दळलेलं घ्या. दळून महिना झालेल्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग कडा फुटतात आणि पोरगं म्हणतं मला जमतच नाही. काटवटीत चाळलेलं पीठ घ्यायला सांगा, मधे आळं करून कढत पाणी घालायला सांगा. आधी उलथण्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतपत झालं की तळव्याच्या टाचेनं रेटून मळायचं. मुलं इथंच कंटाळतात. दोन मिनिटं मळून "झालं" म्हणतात. उंडा हातात घेऊन बोटानं दाबून दाखवा: कड फुटली तर झालेलं नाही. हे तुम्ही सांगू नका, त्यालाच दाबून बघू द्या.

मग खाली कोरडं पीठ पसरून थापणं. एका हातानं थापायचं, दुसऱ्यानं कड सांभाळत गोल फिरवायचं. पहिल्या आठ-दहा भाकरी नकाशासारख्या होतील. उचलताना तुटतील. तुटलेली जोडून पुन्हा मळायची, पीठ वाया गेलेलं नसतं. पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची. तवा बाजूला करून आरावर किंवा गॅसवर शेकली आणि पापुद्रा सुटून ती टम्म फुगली की त्या पोराचं तोंड बघण्यासारखं असतं. मी माझ्या मुलाचं बघितलं आहे. चौदाव्या वर्षी. तोवर मी त्याला साधा चहासुद्धा करू दिला नव्हता, आणि रोज सकाळी शाळेत जाऊन दुसऱ्यांच्या मुलींना घर कसं चालवायचं ते शिकवत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याची वाकडी भाकरी त्याच्या ताटात वाढू नका. बापाच्या ताटात वाढा. आणि बापानं ती मुकाट्यानं खावी. "बायकांची कामं कशाला शिकवतेस" हे वाक्य त्या ताटावर निघालं तर शिकवलेलं सगळं पाण्यात जातं, म्हणून बापाशी आधीच बोलून ठेवा. आजीशी तर नक्कीच. आमच्याकडं नातवाच्या हातात उलथणं बघून आजीच्या डोळ्यांत पाणी येतं.

घराची वही

मंडळासमोर येणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारायचे: तुमच्या घरात महिन्याला तेल किती लागतं? उत्तर यायचं नाही. पंधरा हजारांच्या मोबाइलची किंमत तोंडपाठ, पण बापाची हजेरी किती, आईला खुरपणीचे किती मिळतात, सोयाबीनला भाव काय लागला, हे माहीत नसायचं. घरात पैसा कसा येतो ते दिसलंच नाही तर तो कुठूनही आणला तरी सारखाच वाटतो.

एक साधी शंभर पानी वही आणा. आठवडी बाजाराच्या दिवशी रात्री दहा मिनिटं बसायचं. लेकरानं लिहायचं, मोठ्यांनी सांगायचं. डावीकडं आलेले, उजवीकडं गेलेले. गोडेतेल, साखर, मीठ-मिरची, दवाखाना, गाडीभाडं, बापाची तंबाखू. हो, तंबाखूसुद्धा. दारू असेल तर तीही. बापाला हे जड जातं. पण लेकराला ते आधीच माहीत असतं. वहीत नाही लिहिलं तर या घरात खोटं लिहिलं जातं एवढंच ते शिकतं.

कर्जाचं काय सांगावं, असं बायका विचारतात. आकडा सांगावा, भीती सांगू नये. "सोसायटीचे इतके आहेत, सोयाबीन विकलं की त्यातले इतके फेडणार आहोत" हे आठवीतल्या मुलाला कळतं. "आता आपलं काही खरं नाही" असं रात्री अंथरुणात एकमेकांशी कुजबुजलेलं त्याला ऐकू जातं आणि त्याचा अर्थ तो एकटाच लावत बसतो. आमच्या भागात बापानं कर्जापायी जीव दिल्याची घरं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तिथली लेकरं तुमच्या लेकराच्या वर्गात असतात. त्याला ते ठाऊक असतं.

दोन-तीन महिन्यांनी किराण्याची यादी आणि पैसे त्याच्याच हातात द्या. उरलेले सुट्टे त्यानं न मागता परत द्यायचे आणि वहीत लिहायचे.

खिशातले पहिले पैसे

पहिली चोरी बहुतेक वेळा घरातच होते. बापाच्या खिशातून, आईच्या डब्यातून. पुढं काय होणार याचं बरंचसं तेव्हाच ठरतं, म्हणून इथं थोडं थांबते.

माझ्या मुलानं काही रुपये घेतले होते, तांदळाच्या डब्यात ठेवलेले. तेव्हा ते फार होते. ह्यांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि त्यानंतर त्या गोष्टीवर घरात अवाक्षर निघालं नाही. महिन्याभरानं पुन्हा पैसे गेले. या वेळी मी ह्यांना बाहेर पाठवलं आणि काय करायचं ते ठरवूनच बसले.

आधी मोजलं. किती गेले हे नक्की ठाऊक असल्याशिवाय विचारायचं नाही. मग "तू घेतलेस का?" असं विचारलं नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारून लेकराला खोटं बोलायला लावायचं नसतं. "डब्यातले ऐंशी रुपये तू घेतलेस. कशाला लागले?" असं विचारलं. तो रडला नाही, उलट चिडला. मी गप्प बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी सांगितलं: एका मोठ्या मुलाकडं क्रिकेटच्या पैजेचे पैसे हरला होता आणि तो मुलगा रोज शाळेच्या फाटकावर अडवत होता. माझ्या घरात चोर नव्हता, घाबरलेलं लेकरू होतं, आणि पहिल्या वेळी त्याला मारून आम्ही सांगायची वाटच बंद करून टाकली होती.

त्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः जाऊन भेटले. ऐंशी रुपये मात्र फेडायला लावले, माफ केले नाहीत. आठवड्याला दहा, त्याच्या खाऊच्या पैशांतून, आठ आठवडे. वहीत लिहून. नववा आठवडा लागला त्या दिवशी त्या पानावर काट मारली, आणि त्यानंतर कधीही, भांडणातसुद्धा, तो विषय काढला नाही. पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. आमच्याकडं नेमकं उलटं होतं: लग्नकार्यात सगळ्या भावकीसमोर सांगतात, "लक्ष ठेवा हं, याचा हात लांब आहे." लेकराच्या अंगाला एकदा ते नाव चिकटलं की ते खरं करून दाखवायला त्याला वेळ लागत नाही.

विचारून कळत नाही

"कुठं होतास? कुणासोबत होतास? काय करायलास तिथं?" प्रत्येक घरात हे होतं आणि प्रत्येक घरात उत्तर येतं, "कुठं नाही. काय नाही."

स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी चौदा वर्षांच्या सातशेवर मुलांचा आणि त्यांच्या आई-वडिलांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. ज्या आई-बापांना मुलाचं बाहेरचं जग माहीत असतं ती मुलं वाईट वाटेला कमी जातात, हे आधीपासून सांगितलं जात होतं, आणि म्हणून पाळत ठेवा असा सल्ला दिला जायचा. या दोघांनी विचारलं, आई-बापांना ते कळतं कसं? तर चौकशीनं किंवा बंधनानं फारसं नाही. मुलं आपणहून सांगतात म्हणून कळतं. मी हे वाचलं तेव्हा पाच-सहा वर्षं मागं जाऊन स्वतःचे सगळे प्रश्न आठवले.

मग आपणहून सांगावं असं त्याला वाटण्यासाठी काय करायचं? समोरासमोर बसवून नाही. शेजारी बसून, हाताला काम असताना. भुईमुगाच्या शेंगा फोडताना, तुरीच्या शेंगा सोलताना, मेथी निवडताना, गाडीवर मागं बसून शेतावर जाताना. नजर कामावर असते, त्यामुळं तोंड उघडतं. गप्प राहता आलं पाहिजे. दहा मिनिटं काहीच बोलणं झालं नाही तरी चालतं.

त्याच्याबद्दल विचारू नका, जगाबद्दल विचारा. "चौकात ती नवी पोरं कोण आहेत?" "तुमच्या वर्गात कोण पुडी खातं का?" असं विचारलं की तो दुसऱ्यांचं सांगता सांगता स्वतःचंही सांगून जातो. आणि जे सांगितलं त्याची शिक्षा त्या दिवशी नाही. हा नियम मोडू नका. "आज मी पंक्चरच्या दुकानात सोल्यूशन हुंगून बघितलं" असं चौदा वर्षांचा पोरगा सांगत असेल तर तुमच्या छातीत धस्स होईल. तरी हातातली शेंग फोडत राहा. "मग? कसं वाटलं?" म्हणा. पुढचं ऐका. काय करायचं ते रात्री नवरा-बायकोनं बसून ठरवा, सकाळी शांतपणे बोला.

दिवसातलं एक ताट सगळ्यांनी सोबत खावं, टीव्ही आणि मोबाइल बंद करून. रात्रीचं जमत नसेल तर सकाळचा चहा. याबद्दल अधिक लिहायची गरज नाही, करून बघा.

दिवेलागण म्हणजे दिवेलागण

ग्लूक दांपत्याला बापाची कडक शिस्त आणि ढिली शिस्त दोन्ही वाईट आढळल्या, आणि आज कडक तर उद्या ढिली हीसुद्धा. मंडळावर मी जी घरं बघितली त्यांत ही तिसरीच जास्त होती. सोमवारी पट्ट्यानं हाणलं, मंगळवारी पश्चात्ताप होऊन मोबाइलचा रिचार्ज मारला. आईनं नाही म्हटलेलं बापाकडून, बापानं नाही म्हटलेलं आजीकडून. असं लेकरू नियम शिकत नाही, माणसांचे मूड ओळखायला शिकतं.

नियम तीनच करा, जास्त नको. दिवेलागणीला घरात. उशीर होणार असेल तर निरोप. रात्री दहानंतर मोबाइल आईच्या उशाशी. (मोठ्यांचेसुद्धा, नाहीतर हा नियम करूच नका.) मोडला तर काय होईल तेही तेव्हाच, मुलाला सोबत बसवून ठरवा, आणि ते छोटंसंच असू द्या: दुसऱ्या दिवशी खेळायला जायचं नाही. आठवडाभर कोंडायची शिक्षा कुणालाच पाळता येत नाही. आणि मारू नका. मारलेलं लेकरू तुमच्या हातापासून दूर पळायला शिकतं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी ते तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

माय-बाप कोयत्यावर असताना

बीड, धाराशिव, परभणी, जालन्याची कितीतरी घरं दसरा-दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि गुढीपाडव्याच्या मागं-पुढं घरी येणं होतं. पाच-सहा महिने लेकरू आजीपाशी. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, गुडघे धरलेले. इथं "लक्ष ठेवा" म्हणणं हा त्या आई-बापांचा अपमान आहे. त्यांच्या हाती काय आहे तेवढंच सांगते.

निघण्याआधी लेकराला आजीच्या ताब्यात देऊ नका, आजीला लेकराच्या ताब्यात द्या. "आजीच्या बीपीच्या गोळ्या सकाळी तू द्यायच्या. रेशन तू आणायचं. शेळी तुझी." ज्याच्या भरवशावर म्हातारी आहे तो रात्री अकरापर्यंत टपरीवर बसताना एकदा तरी विचार करतो. फोनची वेळ बांधून घ्या. तळावर परतल्यावर चूल पेटली की फोन, रोज, दोन मिनिटं का होईना, आणि त्यात अभ्यास विचारायच्या आधी शेळी विचारा. गावातला एक माणूस नेमून जा, चुलता, मामा, शाळेतले गुरुजी, ज्याला मुलगा स्वतः मानतो असा. खर्चाचे पैसे त्याच्याकडं ठेवा. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का हे दिवाळीआधीच मुख्याध्यापकांना विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याची संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं आहेत, त्यांचीही चौकशी करा. लेकरू फडावर नेलं तर शाळा सुटते, आणि सुटलेली शाळा पुन्हा धरणं फार थोड्यांना जमतं.

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून ठेवलेल्या मुलांचंही हेच. त्यांच्याकडं पैसा असतो, एवढाच फरक. मेस लावून देण्याआधी त्याला भाकरी, वरण, भात करता आलं पाहिजे.

गाडी, पुडी आणि पोलीस

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि अपघात किंवा गुन्हा झाला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या सुधारणेनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. लेकराला दारू, तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाला गावचाच असतो, भांडण नको वाटतं. चार-पाच आया मिळून गेल्या तर भांडण लागत नाही. आमच्या गल्लीत आम्ही गेलो होतो.

तरीही कधी फोन येतो, पोरगं ठाण्यात आहे. तेव्हा धीर सोडू नका आणि "पैसे देऊन मिटवू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. लेकराला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर आणावं लागतं. जामीन मिळणं हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. मदतीला १०९८ हा नंबर आहे. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला आधी बघतात, तो शोधून ठेवा. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन चौकशी करतील आणि अहवाल लिहितील. त्यांच्यापासून बापाची दारू किंवा घरातली भांडणं लपवू नका. तो अहवाल मुलाला अडकवायला नसतो, त्याच्यासाठी काय करता येईल ते ठरवायला असतो. मंडळ बहुतेक वेळा समुपदेशन, समाजसेवेचं काम, परिविक्षा (म्हणजे देखरेखीखाली सोडणं) असेच आदेश देतं. लहान गुन्ह्याची नोंद पुढं त्याच्या नोकरीच्या आड येऊ नये अशी कायद्यातच तरतूद आहे, हे त्याला स्वतःला सांगा. त्या वयात त्यांना वाटतं सगळं संपलं.

तारखेला आई-बाप दोघांनी या. नुसत्या आईला पाठवू नका. आणि येताना डबा आणा. सकाळपासून लेकराच्या पोटात काही नसतं, आणि बाकावर बसून माय-बाप सोबत जेवायलेत हे आम्ही आतून बघत असतो.